आबांचा धोटा आणि माझी तीन रेझिनं

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत लोक मे महिन्याच्या सुट्टीत गावाकडची लग्नं उरकतात, घराला रंग काढतात, नाहीतर गच्चीवर पापड वाळवतात. मी गच्चीवरच्या खोलीत लहानशा लेथवर पेनं बनवतो. कोपऱ्यावरच्या दुकानात बरणीभर पेनं मिळत असताना हा माणूस दोन दिवस खपून एक पेन का करतो, असं गल्लीने सुरुवातीला विचारून पाहिलं. मग सोडून दिलं. सर आहेत, चालायचंच, असं काहीतरी त्यांचं आपसांत ठरलं असावं.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे दरवर्षी नव्या मुलांना काचेच्या ग्लासात करून दाखवतो आणि मुलं दरवर्षी न चुकता कंटाळतात. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचल्यावर माझ्या शिक्षणाविषयी कोणाला शंका आली तर ती रास्त आहे.

आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी खानदेशातून सुरतेला आले आणि बमरोलीतल्या एका कारखान्यात लूम चालवत राहिले. त्या लूमवर धोटा असायचा. हातभर लांबीचा, मधून पोकळ, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या बसवलेला लाकडी तुकडा; पोटात धाग्याची कांडी घेऊन पाळीभर इकडून तिकडे पळणारा. पुढे मालकाने पाण्याच्या फवाऱ्याने धागा फेकणारी मशीनं आणली. धोट्याची गरज संपली आणि पाठोपाठ आबांचीही. निरोपाला कारखान्याने त्यांना काय दिलं ते मला आठवत नाही, बहुधा चहा दिला असेल. आबांनी मात्र एक धोटा पिशवीत घालून घरी आणला. आईने काही न विचारता तो देवघरात ठेवला आणि तेव्हापासून दर खंडेनवमीला ती त्याची पूजा करायची. आमच्याकडे हत्याराची पूजा चुकत नाही, ते हत्यार बेकार झालेलं असलं तरी. आईला जाऊन आता तीन वर्षं झाली.

तर गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला नोकरी लागली. ती टेक्स्टाइल इंजिनियर. नोकरी कोइम्बतूरला, लूम बनवणाऱ्या कंपनीत. बिनधोट्याच्या लूम, हे वेगळं सांगायला नको. ज्या जातीच्या मशीनने आजोबांना घरी बसवलं, ती मशीनं आता नात बनवणार. मला ही गोष्ट जरा टोचली. आबांना अजिबात नाही. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन ही बातमी सांगितली, आणि मशीन किती जोरात चालतं तेही हात हलवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवघरातला धोटा घेऊन गच्चीवर आले. जिने चढल्याने धापा टाकत होते. धोटा माझ्या हातात देऊन त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "येनं पेन बनाड. पोर पहिली सही येनावरच करी."

या धोट्याचं पेन बनव, पोर पहिली सही त्यानेच करेल, असं त्यांचं म्हणणं. माझ्या छंदाची आबांनी दखल घेतली ती ही पहिलीच वेळ. तोवर त्यांच्या लेखी मी वर जाऊन आवाज करत होतो, एवढंच. मी फुशारून गेलो. घरात धोटा एकच, दुसरा मिळणार नव्हता. भंगारवाल्यांनीही ते कधीच जाळून टाकलेत. मुलगी निघणार जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर पेन झालंच पाहिजे, आणि होणारच, कारण काम कोण करतंय?

अडचण एवढीच की धोटा मधून पोकळ. पेन कोरायला बोटभर जाड भरीव ठोकळा लागतो. धोट्याच्या भिंती चिरून निघाल्या त्या पातळ पट्ट्या, पाच. मग उपाय एकच. पट्टी साच्यात ठेवायची, वरून रेझिन ओतायचं, ते घट्ट झालं की लाकूड आणि रेझिन मिळून ठोकळा तयार होतो. साचा म्हणून मी वायरिंगची प्लास्टिकची केसिंग पट्टी वापरतो. प्रश्न राहिला रेझिन कोणतं घ्यायचं, एवढाच.

एवढाच म्हणालो खरा. या विषयावर जगात जेवढे शहाणे आहेत तेवढे संसारावरही नसतील. प्रत्येक जण व्हिडिओत एप्रन बांधून उभा राहतो आणि आधीचे सगळे कसे मूर्ख होते ते सांगतो. एकजण म्हणतो पॉलिएस्टर, दुसरा म्हणतो इपॉक्सी, तिसरा म्हणतो ही दोन्ही वापरणाऱ्यांनी सरळ मेणबत्त्या कराव्यात, रेझिन म्हणजे पॉलियुरेथिन. मी आठवडाभर व्हिडिओ पाहिले, वहीत तक्ता केला, रकाने आखले. शिक्षकाला तक्ता झाला की काम झाल्यासारखं वाटतं.

सुरुवात पॉलिएस्टरने केली, कारण ते भेस्तानला एका फायबरच्या शेड बनवणाऱ्याकडे सहज मिळालं. तो म्हणाला, "साहेब, आ लई जाव ने, एकदम काच जेवुं." काचेसारखं होतं हे त्याने खरंच सांगितलं होतं. वास कसा येतो ते सांगितलं नव्हतं. मी गच्चीवर डबा उघडला आणि खाली तीन घरांतल्या बायकांनी गॅसचे सिलिंडर तपासले. चौथीने सरळ भावाला फोन लावला. माझी बायको वर आली, नाकाला पदर लावून क्षणभर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "पोरगी जाणार आहे. मी इथेच राहणार आहे. काय ते ठरवा."

ठोकळा मात्र सुंदर झाला. तो लेथवर चढवला, छिन्नी टेकवली, आणि खारी तुटावी तशा ढलप्या उडायला लागल्या. ढलप्यांचं मला माहीत होतं, व्हिडिओतही उडत होत्या. माहीत नव्हतं ते पुढचं. निम्मं काम झाल्यावर आतली धोट्याची पट्टी अख्खीच्या अख्खी रेझिनमधून सुटली आणि उडून भिंतीवर आपटली. तिचे दोन तुकडे झाले. रेझिनमध्ये तिच्या आकाराचा गुळगुळीत खळगा राहिला. दुसऱ्या पट्टीचंही तसंच झालं. मी तक्त्यात पॉलिएस्टरपुढे लिहिलं: ठिसूळ, पकड नाही, दर्जाहीन.

आता तीन राहिल्या. मी शास्त्रशुद्ध वागायचं ठरवलं. लाकडात ओल असणार, म्हणून उरलेल्या पट्ट्या रोज सकाळी स्टीलच्या ताटलीत घालून गच्चीवर उन्हात ठेवायला लागलो. संध्याकाळी मी वर गेलो की ताटली जागच्या जागी, पट्ट्या ऊन खाऊन कोमट. चांगल्या चकाकायच्याही. जुन्या, मुरलेल्या लाकडाचं तेज ते हेच, असं मी मुलीला समजावून सांगितलं. ती मोबाइलमधून मान वर न करता "हां पप्पा" म्हणाली.

मग इपॉक्सी. याला वास नाही, पण नखरे भरपूर. दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर. कोणी म्हणतो वजनाने, कोणी म्हणतो मापाने, आणि दोघेही दुसऱ्याला अडाणी ठरवतात. मी बायकोचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, तोही न विचारता. हळूहळू ढवळलं, बुडबुडे टाचणीने फोडले, साचा दिवसभर झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी ठोकळा बाहेर काढला तर रेझिन पाण्यासारखं स्वच्छ, फक्त लाकडाच्या कडेने एक पिवळी झाक. मी लगेच ओळखलं. हलक्या प्रतीचं इपॉक्सी पिवळं पडतं, तक्त्यात तसा रकानाच होता. दुकानदाराला फोन करून अर्धा तास ऐकवलं. तो बिचारा म्हणत होता, "सर, बाटलीमां तो पिळुं नथी ने?" बाटलीतलं पिवळं नाही, मग ठोकळ्यातलं कुठून आलं, असं विचारत होता तो. त्याचा प्रश्न बिनतोड होता. पण मी प्रश्न विचारणाऱ्यांपैकी आहे, ऐकणाऱ्यांपैकी नाही. शिक्षकी पेशाचा तेवढा फायदा घ्यायलाच हवा. लेथवर पुन्हा तेच. आधी बारीक चीर, मग पट्टी सुटली. तिसरी गेली.

पॉलियुरेथिनची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती घडलीही थोडक्यातच. हे रेझिन पाचसात मिनिटांत आळतं आणि ओलाव्याचा थेंबही त्याला खपत नाही. शिवाय ते दाबाच्या भांड्यात ठेवावं लागतं. मी बायकोकडे तिचा पाच लिटरचा कुकर मागितला. तिने तो धुऊन, पुसून कपाटात ठेवला आणि किल्ली कनवटीला लावली. मी मग बिनदाबाचंच ओतलं. साच्यातून आधी फेस आला, मग फेस वर चढला, मग साच्याबाहेर येऊन टेबलावर पसरून घट्ट झाला. चौथी पट्टी त्या फेसात अडकून बसलीय. अजून तशीच आहे, काढता येत नाही.

मुलीचं निघणं पाच दिवसांवर आलं. घरात सामानाची बांधाबांध चालली होती. जेवताना मुलगी म्हणाली, "पप्पा, रहवा दो ने. पेनचं एवढं काय? मी तिथे घेईन." ती चांगल्या मनाने म्हणाली होती. आबा ताटात पाहत भाकरी कुस्करत होते. कधी होणार असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, आणि मला तेच जास्त लागत होतं. आई गेल्यापासून आबा घरात असे गप्पच असतात. हौसेने त्यांनी एकच गोष्ट मागितली आणि मी ती तुकड्या-तुकड्याने वाया घालवत होतो. मला स्वतःची लाज वाटत होती. ती लपवायला मी तिन्ही कंपन्यांना, सुरतेच्या हवेला आणि त्या मरतुकड्या लाकडाला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नव्या रेझिनच्या शोधात निघालो आणि रिंगरोडला पोचायच्या आधीच चष्मा घरी विसरल्याचं लक्षात आलं म्हणून परत फिरलो. चष्मा गच्चीवर होता. ताटलीही होती. ताटलीत पट्टी नव्हती. माकडं आमच्याकडे येत नाहीत, कावळ्याला लाकडाचं काय करायचंय? मी धावत खाली आलो.

आबा देवघरासमोर चटईवर बसले होते. शेवटची पट्टी त्यांच्या डाव्या तळव्यावर होती, शेजारी वाटीत तिळाचं तेल. अंगठ्याने ते पट्टीला तेल चोळत होते, सावकाश, शिरा धरून, कडा, टोकं, सगळं. चोळून झाल्यावर त्यांनी बोट पाण्यात बुडवून हळदीत टेकवलं आणि पट्टीला लावलं. मग कुंकू. मग फडक्याने वरवर पुसून ती पुन्हा तळहातावर धरली.

"आबा, काय करी ऱ्हायनात?"

"दिखत नही का? तेल लाई ऱ्हायनू."

"कधीपासून?"

"रोजच. तू उन्हात टाकस, मी उतारी आनस. तेल लाईसन परत ठी देस. उन्हात लाकूड तडकी ना."

म्हणजे रोज मी ठेवलेल्या पट्ट्या खाली यायच्या आणि तेल पिऊन पुन्हा वर जायच्या, उन्हात तडकू नयेत म्हणून. घरात मी आबांशी अहिराणीच बोलतो, पण संताप आला की तोंडातून शाळेतली भाषा निघते. मी उभ्या उभ्या त्यांचा पूर्ण तास घेतला. तेलावर रेझिन बसत नाही, ओलाव्याने फेस होतो, ती पिवळी झाक हळदीची होती, आधीच्या मुरलेल्या तेलाने दोन आणि यामुळे दोन, चार पट्ट्या गेल्या, चार! आबांनी ऐकून घेतलं. तेलही आणि पाणीही; माझ्या दरवर्षीच्या ग्लासातला प्रयोग आबा रोज दुपारी मांडत होते, आणि मी वर बसून जगातल्या रेझिनांना नापास करत होतो. हे मला बोलता बोलताच कळत गेलं, पण तोंड सुरूच होतं.

मी थांबल्यावर आबा म्हणाले, "धोटा चिकटाले नही ऱ्हास, भो. धोटा चिकटना ते कापड फाटनं."

जन्मभर त्यांनी पाळी सुरू होताना धोट्याला तेल दिलं होतं, तो कुठे अडकू नये म्हणून. आणि मी तो चिकटवायला निघालो होतो, त्यांना एका शब्दाने न विचारता. लाकूड कसलं, ते काय खातं, काय सोसतं, हे ज्याला ठाऊक तो माणूस एक मजला खाली बसलेला होता. मी विचारत होतो एप्रन बांधलेल्या परक्यांना.

आबांनी वाटी बाजूला सरकवली. "आनि तुनी माय लावे. आते कोन लाई?"

आई लावायची, आता कोण लावणार? आई गेल्यानंतरच्या दोन खंडेनवम्यांना त्या धोट्याला तेल कोणी लावलं होतं, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी चटईवर बसलो. आबांवर ओरडल्याचं फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने मी त्यांना सांगितलं की पेन करायचं असेल तर हे सगळं तेल काढावं लागेल. नुसतं वरचं नाही, आत मुरलेलंही, जितकं निघेल तितकं. नाहीतर ही पट्टी आहे तशी देवघरात ठेवू, पोरीला बाजारातलं चांगलं पेन घेऊ. मनातून मला हेच हवं होतं.

"सगळंच निघी जाई का?" आबांनी विचारलं.

"निघायला पाहिजे."

त्यांनी पट्टी एकदा उलटसुलट करून पाहिली. मग पुसायला काहीतरी दे म्हणून हात पुढे केला. मी वरून ॲसिटोनची बाटली आणली आणि पुसायला त्यांच्याच जुन्या गंजीचा, म्हणजे बनियनचा, पांढरा तुकडा. गच्चीवर वाऱ्याला बसून त्यांनी पट्टी पुसायला घेतली. मी ओतत होतो, ते पुसत होते. पुसायचं, वाळू द्यायचं, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा पुसायचं. लाकडातून तेल येतच राहिलं. आईचं किती आणि आबांचं किती, लूमचं किती, हे सांगणारं रसायनशास्त्र मला येत नाही. ऊन उतरेपर्यंत गंजीचा तुकडा पिवळाधमक झाला आणि लाकडाचा रंग पहिल्यांदा दिसला, फिकट, जवळजवळ नव्यासारखा. आबांनी ते पाहून मान हलवली. त्यांना ते आवडलं की नाही, मला कळलं नाही.

रेझिन कोणतं घ्यायचं यावर मग मी काही डोकं चालवलं नाही. इपॉक्सीची अर्धी बाटली उरली होती, तीच ओतली. दुसऱ्या दिवशी ठोकळा लेथवर चढवला तेव्हा आबा दारात स्टूल टाकून बसले होते. छिन्नी फिरली, लाकडाचे आणि रेझिनचे लांब लांब पदर निघत राहिले, आणि काही म्हणजे काही सुटलं नाही. कडेला एके ठिकाणी केसाएवढी पिवळी रेघ राहिलीय. नेटवरच्या एखाद्या तज्ज्ञाने ती दोष म्हणून दाखवली असती.

मुलगी पेन घेऊन गेली. नोकरीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. आबांना ऐकू जावं म्हणून मी आवाज मोठा केला. पहिली सही कशी झाली, विचारलं. ती म्हणाली, "पप्पा, सही टॅबलेटवर होती. बोटाने करायची. पेनाचं कामच पडलं नाही. खिशात होतं पण." पाच पट्ट्या, तीन रेझिनं, एक सुट्टी आणि शेजारणींचं स्वास्थ्य खर्ची घालून मी जे केलं ते खिशात होतं. मी आबांकडे पाहिलं. आबा खो खो हसत होते. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "आते बोटलेच तेल लाव म्हना," ते म्हणाले.

यंदा खंडेनवमीला सकाळी आबांनी नेहमीसारखं वाटीत तेल घेतलं, हळद-कुंकू घेतलं आणि देवघरासमोर बसले. मग तसेच थांबून राहिले. धोट्याची जागा रिकामी होती. तिथे फक्त त्यांनीच घडी घालून ठेवलेला गंजीचा तो पिवळा तुकडा होता. मी दाराशी उभा होतो, पुढे व्हावं की नाही कळेना.

आबांनी तो तुकडा उचलला, वाटी माझ्या हातात दिली आणि जिना चढायला लागले. वर आल्यावर तुकडा तेलात बुडवून त्यांनी माझा लेथ पुसला, सगळ्या छिन्न्या पुसल्या, प्रत्येकीला हळद-कुंकू लावलं. मग कोपऱ्यात मी रेझिनसाठी कापून, वाळवून रचून ठेवलेली लाकडं होती, शिसव, साग, चिंच, त्यांच्याकडे वळले आणि एकेक उचलून त्यांनाही चांगलं निथळेपर्यंत तेल चोळलं. आता वर्षभर माझं काहीही कशाला चिकटणार नव्हतं. वाटीतलं तेल संपलं तसा मी खाली जाऊन आणखी घेऊन आलो.